मंडळाच्या मंचावरून आमची निवृत्तीची पुंजी मागू नका

मा. अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका परवा सगळ्या सभासदांना आली. सकाळी आरती, मग महाप्रसाद, मुलांचं लेझीम, संध्याकाळी नाटक. महाप्रसाद आणि नाटक यांच्या मधोमध पाऊण तास ठेवलाय तो ‘तुमचं ४०१-के कामाला लावा, निवृत्तीच्या पैशातून अपार्टमेंटचे मालक व्हा’ या कार्यक्रमासाठी. ४०१-के म्हणजे इथे अमेरिकेत नोकरीतून साठणारं निवृत्तीचं खातं. वक्ते म्हणजे आपले यंदाचे मुख्य प्रायोजक, आणि त्यांची ओळख करून देणार आहेत खुद्द आपले सचिव.

गेल्या दिवाळीतही हेच झालं. फराळाच्या पिशवीत चकलीच्या पुड्याशेजारी त्यांचं चकचकीत पत्रक होतं. पत्रकावर मंडळाचं बोधचिन्ह त्यांच्या बोधचिन्हाएवढंच मोठं छापलेलं, आणि त्या पिशव्या दारात उभं राहून वाटत होती आपल्या मराठी शाळेतली मुलं. मी तेव्हाच लेखी हरकत घेतली होती. ‘प्रायोजकांशिवाय हॉलचं भाडं निघत नाही, आणि आपले सभासद सुज्ञ आहेत’ एवढं दोन ओळींचं उत्तर आलं. यंदा पुन्हा तोच घाट घातला गेल्यामुळे हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

मी या मंडळाची आजीव सभासद आहे. रविवारी मराठी शाळेत शिकवते. व्यवसायाने मी एनरोल्ड एजंट आहे, म्हणजे लोकांची टॅक्स रिटर्न भरते आणि गरज पडली तर आयआरएस या कर खात्यापुढे त्यांची बाजू मांडते. फेब्रुवारी ते एप्रिल आपल्या मंडळातली कितीतरी कुटुंबं कागदांची फाइल घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसतात. त्या टेबलावर गेल्या काही वर्षांत जे कागद येऊ लागले आहेत, त्यांच्यामुळे मला गप्प बसवत नाही.

त्यातल्या एका जोडप्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील वगळून सांगते. काका चांगल्या कंपनीत आयुष्यभर नोकरी करून कपातीत घरी बसले. जुन्या कंपनीचं ४०१-के तसंच होतं. २०२१ मध्ये आपल्याच एका कार्यक्रमात, तेव्हाचे प्रायोजक वेगळे होते, त्यांनी ऐकलं की हा ‘पडून असलेला पैसा’ सेल्फ-डायरेक्टेड आयआरएमध्ये, म्हणजे गुंतवणूक स्वतः निवडायच्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात, वळवून टेक्सासमधल्या अपार्टमेंट संकुलात घालता येतो. सांगणारा मराठी, त्याच्या आईवडिलांना काकू ओळखत. काकांनी जवळजवळ सगळं तिथे घातलं. संकुल घेतलं होतं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाच्या कर्जावर. मार्च २०२२ पर्यंत शून्याजवळ असलेला फेडचा, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर जुलै २०२३ मध्ये सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. आधी दर तिमाहीला येणारे पैसे थांबले, मग ‘कॅपिटल कॉल’चं पत्र आलं. संकुल वाचवायचं तर प्रत्येक भागीदाराने आणखी पैसे घाला, नाहीतर तुमचा हिस्सा कमी होईल.

काकू ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “बचत खात्यातून भरून टाकू का गं?” ते करता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. गुंतवणूक आयआरएच्या नावावर आहे, तेव्हा जास्तीचे पैसेही आयआरएमधूनच जायला हवेत. खात्यात उरले होते ते कस्टोडियनच्या, म्हणजे खातं सांभाळणाऱ्या संस्थेच्या वार्षिक शुल्कापुरते. बाहेरून घालायचे तर वर्षाची मर्यादा आडवी येते. २०२५ साठी ती ७,००० डॉलर होती, पन्नाशी उलटलेल्यांना ८,०००, आणि तेही त्या वर्षी कमाईचं उत्पन्न असेल तरच. काकांना नोकरीच नव्हती. स्वतःच्या खात्यातून परस्पर भरले तर नियमभंग ठरून अख्खं खातंच करपात्र होण्याचा धोका. हातात पैसे असूनही त्यांना आपला हिस्सा घटताना बघत बसावं लागलं.

यात एकटे काका नाहीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये ह्यूस्टनमध्ये एकाच सिंडिकेटरची, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून संकुलं घेणाऱ्याची, तीन हजारांवर अपार्टमेंट्स जप्तीत गेली, त्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. त्यातही अनेक छोट्या गुंतवणूकदारांचे पैसे होते.

आता माझ्या हरकती. निवृत्तीच्या खात्यातून स्थावर मालमत्ता घेणं बेकायदा आहे असं माझं म्हणणं नाही. १९७४ च्या एरिसा या निवृत्ती-लाभांच्या कायद्याने आयआरए आली तेव्हापासून तिच्यात आयुर्विमा चालत नाही, पुढे कलाकृती, पुरातन वस्तू वगैरे संग्राह्य चीजवस्तूंनाही मज्जाव झाला. घर-जमिनीला बंदी कधीच नव्हती. समजून-उमजून, कर्ज न काढता, चोख हिशेब ठेवून कोणी हे करत असेल तर मी त्यांची फाइल आनंदाने करते. हरकत आहे ती काय सांगितलं जातं, काय सांगितलं जात नाही आणि ते कोणाच्या मंचावरून, याला.

सर्वांत आधी कर. गेल्या दिवाळीच्या स्लाइडवर ‘टॅक्स-फ्री वाढ’ असे शब्द होते. आयआरएने कर्ज काढून मालमत्ता घेतली, किंवा ज्या भागीदारीत ती आहे तिने काढलं, तर उत्पन्नाचा कर्जाच्या प्रमाणातला भाग आयआरएच्या आतच करपात्र होतो. सिंडिकेशनमध्ये कर्ज साठ-सत्तर टक्के असणं नेहमीचंच. त्यासाठी ९९०-टी नावाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि कर आयआरएच्याच पैशातून जातो. दर लागतात ट्रस्टचे. २०२५ मध्ये ट्रस्टला ३७ टक्क्यांचा दर १५,६५० डॉलरच्या वर लागत होता, पतीपत्नीच्या एकत्र रिटर्नला तोच दर साडेसात लाखांच्या वर. सुरुवातीची काही वर्षं घसाऱ्यामुळे हा कर शून्य दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मालमत्ता विकली जाते त्या वर्षी तो उभा राहतो. माझ्याकडे के-१, म्हणजे भागीदारीकडून येणारं हिश्शाचं कर-विवरण, घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी ९९०-टी हे नावच ऐकलेलं नसतं. ‘कस्टोडियन भरत असेल ना?’ असं विचारतात. सहसा तो स्वतःहून भरत नाही. आणि एवढा कर आत भरूनही पुढे पारंपरिक आयआरएमधून पैसे काढताना पुन्हा पूर्ण दराने उत्पन्नकर आहेच.

बाहेर, स्वतःच्या नावावर भाड्याचं घर घेतलं तर घसाऱ्याची वजावट तुम्हाला मिळते, विकताना दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा कमी दर मिळतो, आणि तुमच्या पश्चात मुलांना त्या दिवसाच्या बाजारभावाने मालमत्ता मिळून आधीच्या वाढीवरचा नफाकर मिटतो. आयआरएमध्ये नेली की हे तिन्ही फायदे जातात. गुंतवणूक बुडाली तर तो तोटा टॅक्स रिटर्नवर दाखवताही येत नाही. स्थावर मालमत्तेला कायद्याने दिलेल्या सवलती ज्या पिशवीत चालतच नाहीत, त्याच पिशवीत ती घाला म्हणून सांगायचं, आणि त्याला करबचत म्हणायचं! हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

कस्टोडियनबद्दलही असाच गैरसमज पसरवला जातो. ‘पैसे सरकारमान्य कस्टोडियनकडे सुरक्षित’ हे वाक्य मी स्वतः आपल्या हॉलमध्ये ऐकलं आहे. पैसे पाठवण्याआधी खातेदाराकडून एक गुंतवणूक-आदेशपत्र भरून घेतलं जातं. काकांच्या प्रतीवर बारीक टायपात लिहिलं होतं की कस्टोडियनने या गुंतवणुकीची कोणतीही छाननी केलेली नाही, योग्य-अयोग्य ठरवलेलं नाही आणि नुकसानीची जबाबदारी सर्वस्वी खातेदाराची. खाली काकांची सही. एसईसीने, म्हणजे रोखेबाजाराच्या नियामकाने तर २०११ मध्येच राज्यांच्या नियामकांसोबत सावधगिरीची सूचना काढली होती. कस्टोडियन गुंतवणुकीची पारख करत नाहीत आणि फसवणूक करणारे नेमका याच समजुतीचा फायदा घेतात, असा तिचा आशय. वर्षाखेरीच्या विवरणात दिसणारी किंमतही बहुधा डील आणणाऱ्यानेच कळवलेली असते. काकांच्या खात्यात पुष्कळ दिवस मूळ रक्कमच दिसत होती.

वयाचा प्रश्न आपल्या सभासदांना आता लवकरच पडणार आहे. पहिल्या पिढीतले कितीतरी जण सत्तरीत आहेत. ७३ व्या वर्षापासून, आणि १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना ७५ पासून, पारंपरिक आयआरएमधून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. न काढल्यास राहिलेल्या रकमेवर २५ टक्के दंड, वेळेत दुरुस्त केलं तर १० टक्के. दुसऱ्या आयआरएमध्ये पैसे असतील तर तिथून काढून भागतं. ज्यांचं सगळंच एका संकुलाच्या विटांमध्ये अडकलंय त्यांनी काय करायचं? पाच-सात वर्षं हात लावता येणार नाही, हे अडुसष्टीच्या माणसाला मंचावरून सांगितलं गेलं का?

आणि नात्यागोत्याचे नियम. सिंडिकेशनऐवजी आयआरएमधून सरळ एखादं घर घेणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहेत, कारण आपल्या घरांमध्ये या गोष्टी सहज, प्रेमापोटी होतात. आयआरएच्या घरात तुम्ही, तुमचा जोडीदार, आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं, सुना, जावई यांपैकी कोणीही राहू शकत नाही, पूर्ण भाडं दिलं तरीही. भारतातून आलेले आईबाबा चार महिने तिथे राहिले, मुलीने कॉलेजच्या काळात एक खोली घेतली, खातेदाराने शनिवारी स्वतः जाऊन नळ दुरुस्त केला, अशा गोष्टींमुळे ते खातं त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून आयआरए राहिलंच नाही असं धरलं जाऊ शकतं. मग सगळी रक्कम एका वर्षात करपात्र, आणि साडेएकोणसाठच्या आत असाल तर वर दहा टक्के. कर्जाला स्वतः जामीन राहणंही चालत नाही. २०१३ मध्ये टॅक्स कोर्टाने एका धंद्याच्या खरेदीत याच मुद्द्यावर खातेदारांच्या विरोधात निकाल दिला. भाऊ-बहीण मात्र या यादीत नाहीत. गेल्या दिवाळीत प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं होतं, “मुलगा तिथे राहिला तर चालेल का?” उत्तर मिळालं, “ते आमची टीम बघून घेईल.” हे उत्तर नव्हे.

इथवर मी सभासदांच्या नुकसानीचं बोलले. मंडळाचं स्वतःचं काय, हेही विश्वस्तांनी ऐकावं.

आपलं मंडळ ५०१-सी-३, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे. प्रायोजकाचं नाव, बोधचिन्ह, पत्ता दाखवून आभार मानले तर त्या पैशावर मंडळाला कर नाही. पण मंडळाच्या माणसाने त्यांची शिफारस केली, ‘यांच्याकडे जरूर पैसे गुंतवा’ असा आग्रह धरला, तर ती जाहिरात होते आणि ते उत्पन्न करपात्र ठरू शकतं. किती माणसं जमली यावर प्रायोजकत्वाची रक्कम ठरत असेल तर तीही सवलत जाते. सचिवांनी गेल्या वेळी माइकवरून ‘मी स्वतः यांच्याकडे गुंतवले आहेत, तुम्हीही विचार करा’ असं म्हटलं होतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, याबद्दल मला शंका नाही. तरी ते वाक्य मंडळाच्या खात्यावर लिहिलं गेलं.

अशी डील्स बहुतेक वेळा एसईसीच्या रेग्युलेशन डी खाली, नोंदणीतून सूट घेऊन विकली जातात. त्यात दोन वाटा आहेत. नियम ५०६-बी मध्ये जाहीर आवाहन करायला मनाई आहे, आधीपासून संबंध असलेल्यांनाच विचारायचं. ५०६-सी मध्ये जाहिरात चालते, पण मग प्रत्येक गुंतवणूकदार अ‍ॅक्रेडिटेड असल्याची खातरजमा करावी लागते, म्हणजे गेली दोन वर्षं एकट्याचं उत्पन्न दोन लाख डॉलरच्या वर किंवा जोडीदारासह तीन लाखांच्या वर असणं आणि यंदाही तेवढं अपेक्षित असणं, किंवा राहतं घर सोडून, कर्जं वजा जाता मालमत्ता दहा लाखांच्या वर असणं. चारशे माणसांच्या हॉलमध्ये, तिकीट काढून कोणीही येईल अशा कार्यक्रमात डील मांडणं हे माझ्या मते जाहीर आवाहनच आहे. मग ते ५०६-सी खाली आहे का? कार्यकारिणीने विचारलं आहे का? आणि सभासदामागे कोणाला काही मोबदला मिळत असेल, मंडळाला असो वा व्यक्तीला, तर परवान्याविना दलाली केल्याचा प्रश्न उभा राहतो. असा मोबदला दिला जातो असा आरोप मी करत नाही. दिला जात नाही, हे कार्यकारिणीने लेखी सांगावं एवढंच मागते.

‘सभासद सुज्ञ आहेत’ या उत्तराने मला फार वाईट वाटलं. सुज्ञ आहेतच. अमेरिकेत येऊन, भाषा-हवामान सगळं परकं असताना इथे संसार उभे केलेली माणसं आहेत ही. पण माणूस मंडळात येतो तेव्हा तो सावध बसलेला नसतो. तिथे तो चप्पल काढून, कपाळाला गंध लावून, ओळखीच्या माणसाच्या शेजारी बसून जेवतो. ‘आपल्यातलाच आहे’ या एका भरवशावर इथे लोकांनी एकमेकांना विमानतळावरून आणलं, बाळंतपणं केली, कोणाच्या घरचं माणूस गेलं तर अंत्यविधीची व्यवस्था केली. एकाच समाजातल्या, एकाच देवळातल्या लोकांच्या या भरवशावर चालणाऱ्या फसवणुकीविरुद्ध एसईसी वारंवार इशारे देते. आपले प्रायोजक फसवणूक करतात असं मी मुळीच म्हणत नाही. पण चांगल्या हेतूचा, कच्च्या अभ्यासाचा माणूस आणि लबाड माणूस यांच्यात फरक करायची कोणतीही चाळणी आज मंडळाकडे नाही, आणि दोघांनाही तोच माइक मिळतो.

हॉलचं भाडं खरंच वाढलं आहे, मला मान्य आहे. किराणा दुकानं, दंतवैद्य, नृत्यशाळा, घरांचे एजंट सगळे प्रायोजक आहेत आणि असावेत. ते कमी पडत असतील तर तिकीट वाढवा. मी पहिली काढेन.

माझ्या मागण्या अशा:

१. यंदाच्या गणेशोत्सवातला तो पाऊण तास रद्द करावा. प्रायोजकांचं नाव फलकावर राहू दे, आभारही माना, पण कोणतीही गुंतवणूक मंडळाच्या मंचावरून, माइकवरून किंवा प्रसाद-फराळाच्या पिशवीतून मांडली जाऊ नये.

२. मुलांच्या हातून अशी पत्रकं वाटून घेऊ नयेत. यावर चर्चासुद्धा होऊ नये.

३. सभासदांची ईमेल यादी कोणत्याही गुंतवणूक कंपनीला देऊ नये, आणि आजवर दिली असेल तर कोणाला दिली ते जाहीर करावं.

४. गेल्या पाच वर्षांतले प्रायोजकत्वाचे करार, रकमांसह, सभासदांना पाहायला ठेवावेत. कार्यकारिणीतल्या ज्या कोणाचे या कंपन्यांशी आर्थिक संबंध आहेत त्यांनी ते सांगावेत आणि प्रायोजक ठरवताना मतदानापासून दूर राहावं.

५. गुंतवणूक विकणाऱ्या कोणाकडूनही प्रायोजकत्व घेण्याआधी त्यांचा फॉर्म डी, म्हणजे रेग्युलेशन डी खालच्या विक्रीची सूचना, एसईसीच्या एडगर संकेतस्थळावर आणि त्यांच्या माणसांची नोंद फिन्रा या दलालांच्या नियामक संस्थेच्या ब्रोकरचेकवर तपासावी. दोन्ही फुकट आहे, अर्ध्या तासाचं काम आहे.

६. निवृत्तीच्या नियोजनावर दरवर्षी एक सत्र जरूर ठेवा, पण जे काहीही विकत नाहीत अशा सीपीए, वकील, सल्लागारांचं. त्यात ४०१-के आहे तिथेच ठेवावं की वळवावं, एरिसाचं संरक्षण वळवल्यावर कसं जातं, साध्या आयआरएमध्येही स्थावर मालमत्तेचे आरईआयटी फंड घेता येतात, स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांच्या सोलो ४०१-के ला मालमत्तेच्या कर्जावरचा तो कर सहसा लागत नाही, असं सगळं सांगता येईल. वक्ते मी जमवते. हॉलचा तो तासही मी भरते.

ज्यांनी आधीच पैसे घातले आहेत, त्यांनी घाबरून काही करू नये. आपल्या भागीदारीचे के-१ काढून बघा, त्यावर २० व्या रकान्यात ‘व्ही’ हे अक्षर आणि त्यापुढे आकडा आहे का पाहा, आणि असेल तर ९९०-टी भरलाय का ते आपल्या सीपीएला विचारा. कॅपिटल कॉल आला असेल तर स्वतःच्या खात्यातून एक डॉलरही पाठवण्याआधी विचारा. माझ्याकडे आलात तर या कामाचे पैसे मी घेणार नाही.

हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा अशी घटनेनुसार मागणी करणारा अर्ज मी या पत्रासोबत सचिवांकडे देत आहे. त्यावर सही करू इच्छिणाऱ्या सभासदांनी रविवारी शाळेच्या वेळात मला भेटावं. कार्यकारिणीने या पत्राचं उत्तर गणेशोत्सवाआधी आणि सगळ्या सभासदांच्या यादीवर द्यावं, एकटीला मला नको.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद